भगवानरावांचं सोंग

मथुराबाईनं पुढचे दोन धडधाकट दात उपटून घेतले, तेव्हा सगळ्या आर्णीनं तिला वेड्यात काढलं. दात काढणाराही चिमटा हातात धरून थांबला होता.

"बाई, दात तं पक्के हायेत. दुखून राह्यले काय?"

"मले नाई दुखत," ती म्हणाली. "पन गोदूआत्याले दात नाईत. तू काढ."

गोदूआत्या म्हणजे आनंदविलास नाटक मंडळीच्या नाटकातली खाष्ट म्हातारी. ते काम मथुराबाई करायची. वय तिशीच्या आतलं, पण पदर डोक्यावर ओढून ती पडद्याआडून वाकत वाकत आली की मागच्या बाकड्यांवरचे लोक उभे राहायचे. ही चाल तिनं उमरखेडच्या बाजारातल्या एका म्हातारीकडून उचलली होती. एक अख्खा दिवस ती त्या म्हातारीमागं मिरच्यांच्या ढिगांतून फिरली, शेवटी म्हातारीनं तिला चोर समजून शिव्या घातल्या. मथुराबाईनं त्या शिव्याही उचलल्या. कुणाच्या घरी मयत झाली की ही ओळख नसताना जाऊन बसायची आणि कोण कसं रडतं ते बघायची. पायात पुरुषांचे नाडीवाले बूट, डोक्यावर बारा महिने छत्री, आणि खेळाआधी कच्चा कांदा खात गाडीच्या बैलांशी गोदूआत्याच्या आवाजात भांडण. मंडळीतले लोक हसायचे, पण खेळ तिच्यावर चालतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मंडळीच्या मालकालाही ते ठाऊक होतं, आणि तेच त्याला खुपत होतं. भगवानराव आर्णीचे बडे कास्तकार. कापूस, तूर, गोठाभर बैल, सगळं होतं. पण जीव सगळा नाटकात. राजा, सेनापती, त्यागी थोरला भाऊ, ही कामं ते स्वतःकडे ठेवायचे. छाती काढून, टाचा आपटत रंगमंचावर यायचे, बोलण्याआधी दोनदा "हं… हं…" करून घसा साफ करायचे, कानाची पाळी चिमटीत धरायचे आणि मग बोटातल्या अंगठीकडे बघायचे. रडण्याचा प्रसंग आला की खांदा उचलून डाव्या डोळ्यावर पंजा ठेवायचे. उजवा डोळा उघडाच राहायचा. त्या डोळ्यानं ते लोकांकडे बघायचे, कितीजणांनी पदर डोळ्याला लावला ते. आठ वर्षं बाजूला उभी राहून मथुराबाईनं हे बघितलं होतं. तेव्हा तिच्या मनात त्याबद्दल काही नव्हतं. बघायची सवय होती म्हणून बघितलं, एवढंच.

जाहिरातीत तिचं नाव मथुरा नव्हतं. भगवानरावांनी तिला कुमुदिनी नाशिककर केलं होतं. नाशिक तिनं स्वप्नातही पाहिलं नव्हतं. पण आर्णीच्या वस्तीतल्या उकंडा नगराळेची पोर काम करते म्हटल्यावर गावोगावची मोठी माणसं पुढच्या खुर्च्यांवर बसली नसती, असं मालकांचं म्हणणं. तिचा बाप उकंडा दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, सोंगं काढायचा. तो म्हणाला, "नाव त्याईचं, सोंग तं तुह्यं हाये ना? कर." तिनं केलं.

मग छप्पन्न सालचा दसरा आला. सगळी वस्ती नागपूरला गेली, मथुराबाई गेली, तिचा भाऊही गेला. परत आल्यावर भावानं आपलं जुनं नाव टाकलं आणि भीमराज हे नाव घेतलं. वस्तीतला जो तो त्याला दिवसातून दहादा उगाचच हाक मारायचा, आणि तो दरवेळी ओ द्यायचा. ते ऐकून ऐकून मथुराबाईच्या मनानं घेतलं. ती भगवानरावांच्या ओसरीपुढं जाऊन उभी राहिली.

"मालक, आता माह्यं नाव सांगा लोकायले. मथुरा उकंडा नगराळे. ते नाशिकवालीचं नाव मले नको."

भगवानरावांनी कानाची पाळी धरली, अंगठीकडे बघितलं.

"हं… हं… नाव पाहिजे तुले? देऊ ना मथुरे. उमरखेडच्या जत्रेत देऊ. सगळ्यायच्या समोर."

तिला इतका आनंद झाला की परत येताना छत्री त्यांच्याच ओसरीवर विसरली.

उमरखेडच्या जत्रेत दिवेलागणीला तंबू गच्च भरला. गोदूआत्याच्या प्रवेशाआधी भगवानराव राजाच्या पोशाखात पडद्याबाहेर आले आणि त्यांनी हात जोडले.

"मायबाप हो, आजवर ज्या कुमुदिनीबाईंना तुम्ही डोक्यावर घेतलं, त्या नाशिकच्या नाहीत. आर्णीच्या वस्तीतल्या उकंडाची ती पोर, मथुरा. मी तुम्हाला फसवलं. तुमच्यासारख्या घरंदाज माणसांना अंधारात ठेवलं. मी पापी आहे. तिला बघायचं की नाही, ते आता तुम्हीच ठरवा."

आणि त्यांनी डाव्या डोळ्यावर पंजा ठेवला. खांदा हलू लागला.

मथुराबाई बाजूला पदर सावरून तयार उभी होती. तिला आधी कळलंच नाही. नाव तर घेतलं होतं. मग पुढच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी ओरडलं, आणि ती बाहेर आली तेव्हा पहिली चप्पल तिच्या खांद्याला लागली. तरी ती वाकत वाकत मधोमध गेली आणि गोदूआत्याचं पहिलं वाक्य बोलली. मागचे लोक हसले. तिनं दुसरंही म्हटलं. तेवढ्यात पडदा पडला.

तो पुन्हा उघडला तेव्हा रंगमंचावर गोदूआत्या होती, पण ती लीलाबाई होती. मंडळीची नायिका. तेच लुगडं, तीच उमरखेडची चाल, त्याच शिव्या. तिला हे बसवायला महिना तरी लागला असणार, म्हणजे भगवानरावांनी ओसरीवरच्या त्या दिवसापासूनच तयारी चालवली होती. लीलाबाईनं पुढच्या दोन दातांना काजळ फासलं होतं. मथुराबाईनं ज्यासाठी दात दिले, ते तिनं काजळावर भागवलं.

भीमराज बैलगाडीचा दांडा उपसून निघाला होता. मथुराबाईनं त्याचा हात धरला.

"मारून काय होते? चार दिस सूज राहीन, मंग उतरून जाईन. याले असं काही दिलं पायजे, का ते मरेपरेंत उतरलं नाई पायजे."

ती रडली नाही. घरी आल्यावर तिनं भीमराजचं धोतर मागून घेतलं.

त्या हंगामात ती दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. एका दुपारी बाया झाडाखाली भाकरी खात असताना ती उठली, लुगड्यावरूनच धोतर गुंडाळलं, डोक्यावर फडक्याची टोपी केली आणि टाचा आपटत धुऱ्याच्या बांधावरून चालत आली. "हं… हं…" एवढंच म्हणाली आणि कानाची पाळी धरली. एका बाईच्या तोंडातला घास उडाला. बाया जमिनीवर लोळल्या. तेव्हा मथुराबाईनं खांदा उचलला, डाव्या डोळ्यावर पंजा ठेवला आणि बोटांच्या फटीबाहेरचा उजवा डोळा सावकाश एकेकीवर फिरवला. हसू मध्येच थांबलं, कारण तो डोळा खरोखरच भगवानरावांचा होता. मग जे हसू फुटलं ते शेजारच्या वावरात ऐकू गेलं.

वर्षभरात भीमराजची ढोलकी, एक पेटी आणि कंदील एवढ्यावर तिनं आपला खेळ उभा केला. वस्त्यांत, तांड्यांवर, बाजाराच्या गावी. सोंगाचं नाव 'राजेसाहेब'. भगवानरावांचं नाव ती कधी घेत नसे. नेमसिंग नायकानं आपल्या तांड्यावर खेळ ठेवला तेव्हा त्यानं मुद्दाम विचारलं, "हा राजा कोन गावचा, बाई?" ती म्हणाली, "तुमी ओळखा. मी कायले सांगू?" आनंदविलासचा तंबू जिथं पडेल त्याच्या आदल्या दिवशी मथुराबाई त्या गावात पोचलेली असायची. दुसऱ्या दिवशी भगवानराव छाती काढून रंगमंचावर यायचे, घसा साफ करायचे, आणि मागच्या बाकड्यांवरून कुणीतरी "हं… हं…" असा प्रतिसाद द्यायचं. युद्धात मेलेल्या मुलासाठी राजा रडू लागला की तंबू हसून हसून फाटायचा.

भगवानरावांनी तिच्या मागं माणसं धाडली. एकदा तिचा कंदील फोडला, एकदा भीमराजची ढोलकी. तिनं त्या माणसांचीही सोंगं खेळात घातली. पोलीस पाटलाकडे तक्रार गेली, तर पाटील म्हणाला, "तिनं तुमचं नाव घेतलं काय?" नव्हतं घेतलं. पाटील स्वतःच हसू दाबून होता.

मुकुटबनच्या बाजारात एक दिवस लीलाबाई तिला भेटायला आली. म्हणाली, "मथुरा, माह्यं पोट हाये त्या कामावर. मालक सगळ्यायवर डाफरून राह्यले. सोड ना आता."

मथुराबाईनं तिच्या तोंडाकडे बघितलं. "दात दाखव."

लीलाबाईनं नकळत ओठ उघडले. सगळे दात शाबूत होते.

"दोन काढून ये," मथुराबाई म्हणाली, "मंग बोलू."

एकसष्टच्या उन्हाळ्यात कोल्हापूरची एक सिनेमा कंपनी पैनगंगेच्या काठी चित्रण करायला आली. पाटलाच्या कजाग विधवा आईचं काम करणारी त्यांची नटी उन्हानं आजारी पडून परत गेली. कुणीतरी मथुराबाईचं नाव सुचवलं. ती छत्री घेऊन, बुटांच्या नाड्या सोडलेल्या तशाच ठेवून आली आणि आधी कॅमेऱ्याला एक चक्कर मारून आली.

"याले डोळा एकच हाये काय?" तिनं विचारलं.

"एकच," दिग्दर्शक हसून म्हणाला.

"मंग आमचं जमन."

तिनं नऊवारीच्या आत भगवानरावांना उभं केलं. विधवा पाटलीण टाचा आपटत वाड्यातून फिरली, गड्यांना शिक्षा सांगताना कानाची पाळी धरली, सुनेला घराबाहेर काढताना एका डोळ्यावर पंजा ठेवून रडली आणि दुसऱ्या डोळ्यानं गाव काय म्हणतंय ते बघितलं. दिग्दर्शकाला वाटलं हे सगळं हिला जागेवर सुचतंय. त्यानं तिचे प्रसंग वाढवले. पडद्यावर नाव काय घालू असं विचारलं तेव्हा तिनं पूर्ण नाव सांगितलं, आणि अक्षरं बरोबर लिहिली का ते भीमराजकडून तपासून घेतलं.

तो सिनेमा पुढच्या वर्षी तंबूच्या टॉकीजमध्ये आर्णीला लागला. मथुराबाई पहिल्या दिवशी बायांच्या बाजूला तोंडावर पदर घेऊन बसली होती. सिनेमा बघायला नव्हे, आर्णी बघायला. पाटलिणीनं पडद्यावर पहिल्यांदा घसा साफ केला आणि पुरुषांच्या बाजूनं आरोळी उठली, "भगवानराव!" मग तंबूत कुणाला काही ऐकू येईना.

मथुराबाईच्या पुढच्या सतरंजीवर भगवानरावांची म्हातारी आई रुखमाबाई नातीला घेऊन बसली होती. म्हातारीला धड दिसत नव्हतं, पण पाटलीण रडायला लागली तशी तीही बोळकं उघडून खदाखदा हसली आणि नातीला म्हणाली, "वो माय, हा तं आपला भगवान! लहानपनापासून असाच रडे. एक डोळा माह्याकडं."

मथुराबाईला वाटलं, आता आपला जीव निवेल. निवला नाही. उलट आणखी पाहिजे असं वाटलं.

आणखीही मिळालं. थंडीत रुखमाबाई गेली. गाव जमलं, भजनी आले, तिरडी बांधून झाली. भगवानराव आईच्या पायाशी बसले होते तोवर ठीक होतं. पण उचलायची वेळ आली आणि त्यांचा बांध फुटला. खांदा उचलला गेला, पंजा डाव्या डोळ्यावर गेला. अंगणात आधी कुणीतरी खाकरलं. मग एक पोरगी फिस्सकन हसली, आणि ते हसू आवरता आवरता अंगणभर पसरलं. खांदेकरीसुद्धा हसले. तिरडी हलली.

मथुराबाई तिथं नव्हती. तिला हे कापूस वेचणाऱ्या एका बाईनं येऊन सांगितलं. ऐकताना मथुराबाई मांडीवर थाप मारून हसली. मग हसणं थांबवून तिनं विचारलं, "हात कोन्या डोळ्यावर होता?"

"डाव्या."

"अन् उजव्यातून पानी येत होतं काय?"

बाई थोडा विचार करून म्हणाली, "येत होतं वो. दाढी ओली झालती."

रंगमंचावर त्या उजव्या डोळ्यातून आठ वर्षांत कधी पाणी आलं नव्हतं. मथुराबाई उठून चुलीपाशी गेली आणि तव्यावरची भाकरी उलटवली.

"येऊ दे," ती म्हणाली.

तेरावं झाल्यावर एका सकाळी भगवानराव वस्तीत आले. एकटे, उघड्या डोक्यानं. दारादारातून माणसं बघत होती. भीमराजनं बाज टाकली. मथुराबाईनं त्यांना बसा म्हटलं नाही. ते उभेच राहिले. घसा साफ करायला गेले आणि मध्येच थांबले.

"मथुराबाई," ते म्हणाले, "थांबव आता."

"बाई म्हनायले कधी शिकले, मालक?"

"माय मेली माही. मले तिच्यासाठी रडू नाई देल्लं लोकायनं."

"अन् मले? मी दोन वाक्यं बोललीच होती. तिसरं बोलू नाई देल्लं तुम्ही."

"काय पायजे तुले?"

"उमरखेडची जत्रा येऊन राह्यली. तंबू लावा. पडद्याबाहेर या अन् खरं सांगा. का मथुरा नगराळेनं कोनाले फसवलं नाई, फसवलं ते मी, आधी नाव लपवून अन् मंग नाव विकून. लोकायची नाई, माही माफी मागा. एवढं केलं का राजेसाहेब मेला म्हनून समजा."

भीमराज पुटपुटला, "पुरे ना, ताई." तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

भगवानरावांनी मान हलवली आणि ते गेले. जाताना त्यांनी टाचा आपटू नयेत म्हणून पाय इतके जपून टाकले की ते चालणंही एक सोंगच वाटत होतं.

जत्रेत तंबू लागला. भगवानराव येणार आणि मथुराबाईही येणार, एवढी बातमी पुरेशी होती. पुसद, महागावकडून लोक आले. पुढच्या खुर्च्यांवर त्याच घरांची माणसं बसली होती. आता त्यांना वस्तीतल्या पोरीचं काही वाटत नव्हतं. ती सिनेमात गेली होती ना.

भगवानराव बाहेर आले. साधं धोतर, साधा सदरा. मथुराबाई बाजूला उभी होती.

"मायबाप हो," ते म्हणाले. आवाज बसलेला होता म्हणून त्यांनी घसा साफ केला, आणि तंबू उसळला.

"ऐका. याच जागी मी एक पाप केलं…"

"वा! मथुराबाईपेक्षा भारी!" कुणीतरी ओरडलं. लोकांना वाटलं, आज मालक स्वतःच आपलं सोंग करून दाखवताहेत. शिट्ट्या पडल्या. भगवानराव बोलत राहिले. एकेक शब्द त्यांनी जसा ठरला होता तसा म्हटला, नाव लपवल्याचं, नाव विकल्याचं, लीलाबाईला आधीच तयार ठेवल्याचं, जे तिनं मागितलं नव्हतं तेही. कुणालाच काही ऐकू गेलं नाही. शेवटी ते मथुराबाईकडे वळले, हात जोडले, आणि त्यांचा खांदा वर गेला. पंजा डोळ्यावर जाऊ नये म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरून ठेवलं. त्यावर तर लोक खुर्च्यांवरून पडले. "आणखी एकदा! आणखी एकदा!"

मथुराबाई धावत बाहेर आली.

"हासू नका! खरं बोलून राह्यला तो! ऐका त्याचं!"

तिचा आवाज पुढच्या दातांच्या खिडकीतून फुसफुसत बाहेर पडला, आणि तो गोदूआत्याचा आवाज होता. लोकांनी टोप्या उडवल्या. असा जोडीचा खेळ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

सहा वर्षं ज्या शब्दांसाठी ती जगली होती, ते शब्द तिच्यापासून हातभर अंतरावर उच्चारले गेले आणि तिच्याखेरीज कुणाच्या कानात शिरले नाहीत. आणि ते न शिरण्याची व्यवस्था तिनं स्वतः केली होती, गावोगाव फिरून, कंदिलाच्या उजेडात.

पडद्यामागं भगवानराव सामानाच्या एका पेटीवर बसले होते. बाहेर अजून टाळ्या चालू होत्या.

"म्या तं सांगतलं," ते म्हणाले. "झालं तुह्यं समाधान?"

"नाई झालं," मथुराबाई म्हणाली. "अन् होनार बी नाई. पन उद्यापासून तुमचं सोंग मी नाई करत. माही गरजच नाई उरली. लोकायले आता तुम्ही सोताच पुरता."

हे बोलताना तिला बरं वाटलं. ते तिनं पुढं कधी नाकारलं नाही.

तिनं शब्द पाळला. कोल्हापूरच्या दिग्दर्शकानं पुढच्या सिनेमात पुन्हा तीच पाटलीण मागितली तेव्हा तिनं नकार दिला आणि एका बहिऱ्या सुईणीचं काम घेतलं. ते काम फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आनंदविलास मंडळी त्याच वर्षी मोडली. लीलाबाई नागपूरकडे निघून गेली. भगवानराव घराबाहेर फारसे पडेनासे झाले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मथुराबाई आणि भीमराज यवतमाळला चालले होते. एस.टी. आर्णीच्या थांब्यावर थांबली. भगवानराव रस्त्यापलीकडून येताना दिसले. डावा पाय ओढत होते आणि हातात काठी होती.

"पाय गेला काय मालकाचा?" भीमराज म्हणाला.

मथुराबाई खिडकीतून बघत राहिली. काठीवर भार पडत नव्हता. पायाला काही झालेलं नव्हतं. टाचा आपटायची ती चाल कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी लंगडेपण घेतलं होतं. कच्चं सोंग होतं. लंगडा माणूस दुखऱ्या पायाच्या उलट हातात काठी धरतो. यांनी ती दुखऱ्या बाजूलाच धरली होती. थांब्यावरची दोन-चार माणसं त्यांच्याकडे बघून एकमेकांना कोपरानं ढोसू लागली होती.

गाडी सुरू झाली. मथुराबाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मालक!" ती ओरडली. "काठी त्या हातात धरा! उजव्या!"

भगवानरावांनी वर बघितलं. ती कोण ते त्यांनी ओळखलं. गाडी वळणावर जाईपर्यंत ते तसेच उभे होते. मग त्यांनी काठी उजव्या हातात घेतली आणि पाय ओढत घराकडे गेले.